फेडरल कोर्टातली वकिली आणि सीएलईचे तास

जर्सीकर (धागाकर्ता)

इथे अमेरिकेत वकिली करणारी बरीच मंडळी आहेत आणि येऊ घातलेली त्याहून जास्त, म्हणून हा धागा. विषय कोरडा आहे, पण वकिलाच्या खिशाला आणि अशिलाच्या नशिबाला, दोन्हीला भिडणारा आहे.

सीएलई म्हणजे सनद मिळाल्यानंतरही वकिलाने ठरावीक मुदतीत पुरे करायचे शिकण्याचे तास. १९७५ साली मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी ते पहिल्यांदा सक्तीचे केले, मग बाकीची राज्यं एकेक करून त्याच वाटेने गेली. आज न्यूयॉर्कला दोन वर्षांत २४ क्रेडिट, कॅलिफोर्नियाला तीन वर्षांत २५ तास, टेक्सासला दर वर्षी १५. न्यूयॉर्कचा तास ५० मिनिटांचा, त्यामुळे २४ क्रेडिट प्रत्यक्षात २० तासांत उरकतात. मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, मेरीलँड, साउथ डकोटा आणि राजधानी वॉशिंग्टन इथे अशी नियमित सक्तीच नाही. बॉस्टनच्या वकिलाने अगदी सुरुवातीचा नवोदितांचा कोर्स केला की पुढे त्याला कोणी काही विचारत नाही.

हे सगळं राज्यांचं झालं. फेडरल कोर्टाचं काय? तर मुळात ‘फेडरल सनद’ अशी वस्तूच नाही. देशात ९४ फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टं आणि प्रत्येकाचा बार, म्हणजे तिथे उभं राहायची परवानगी असलेल्या वकिलांची यादी, आपापला. राज्याची सनद दाखवायची, बऱ्याच ठिकाणी बारवरच्या एखाद्या वकिलाची शिफारस जोडायची, फी भरायची, शपथ घ्यायची, झालं. वरची १३ अपील कोर्टं वेगळी. सुप्रीम कोर्ट आणखी वेगळं: तीन वर्षांची जुनी सनद, दोन पुरस्कर्ते आणि २०० डॉलर. या सगळ्या पायऱ्या चढताना ‘बाबा रे, फेडरल प्रोसिजर शेवटची कधी उघडून पाहिलीस?’ असं विचारणारं जवळजवळ कोणी भेटत नाही.

म्हणजे एखाद्याने मृत्युपत्रं, घरखरेदी आणि ‘वकिलांसाठी ताणमुक्ती’ यांवर २४ क्रेडिट भरली आणि दुसऱ्या दिवशी फेडरल कोर्टात उभा राहिला, तर कागदोपत्री तो अगदी चोख.

आणि फेडरल कोर्टात तर एकावर एक तीन थर असतात. देशभराचे नियम (दिवाणी, फौजदारी, पुरावा, अपील), त्यावर त्या डिस्ट्रिक्टचे लोकल रूल्स, त्यावर तुमच्या जजसाहेबांची स्वतःची नियमावली. जजची नियमावली न वाचता मोशन (खटल्यातला अर्ज) टाकलं तर ते परत येतं. एका जजला आधी पत्र लिहून परवानगी लागते, दुसऱ्याला पत्र मुळीच चालत नाही. देशभराच्या नियमांतले बदल दर १ डिसेंबरला लागू होतात. २०२३ ला तज्ज्ञ साक्षीदारांचा नियम ७०२ कडक झाला, २०२४ ला पुराव्याच्या नियमांत १०७ नंबरचा नवा नियम आला, २०२५ ला देशभरचे एकसारखे दावे एकत्र चालवण्यासाठी १६.१ आला. हे बदल तुमच्या क्रेडिटच्या मुदतीसाठी थांबत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: फेडरल कोर्टांनी राज्यांच्या तासांवर विसंबून राहू नये. ज्याने त्याने आपापल्या कोर्टापुरतं छोटं, नेमकं शिक्षण मागावं. अशक्य नाही हे. नॉर्दर्न फ्लोरिडाच्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रवेशाआधी लोकल रूल्सचा ऑनलाइन पाठ पुरा करावा लागतो. पोर्तो रिकोचं फेडरल कोर्ट तर स्वतःची परीक्षा घेतं. बाकीच्यांना का जमू नये?

निंबोणी

वाचतेय. आमच्याकडे डॉक्टरांना सीएमई असतं, तिथेही हीच रड. पण निदान स्पेशालिटी बोर्ड तरी वेगळं विचारतं. तुमच्याकडे फेडरल म्हणजे वेगळी स्पेशालिटी धरतच नाहीत की काय?

टेक्सासचा_तात्या

जर्सीकर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे म्हणजे आधीच्या जाचात नवा जाच. दर वर्षी १५ तास मी भरतो. ऑनलाइन कोर्स देणारे कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे. न्यूयॉर्कवाल्यांना तर व्हिडिओच्या मध्येच एक कोड सांगतात, तो फॉर्मवर लिहायचा. लोक बाजूच्या स्क्रीनवर ईमेल उरकतात आणि कोड आला की तेवढ्यापुरता आवाज वाढवतात. त्यात आता ९४ कोर्टांनी ९४ कोर्स काढले तर मज्जाच! दुकानदारांची दिवाळी.

सक्तीच्या तासांमुळे अशिलाचं भलं झालं असं एक तरी उदाहरण दाखवा, मग बोलू.

रांगेतला (वकील नाही)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक शंका आहे, पण नंतर विचारतो. आधी तात्यांना उत्तर मिळू दे.

जर्सीकर

तात्या, कोडची गोष्ट खरी आहे. म्हणूनच मी तास वाढवा असं म्हणत नाहीये, विषय बदला म्हणतोय. भलं झाल्याचं उदाहरण दाखवणं अवघड, कारण जी मुदत चुकली नाही तिची बातमी होत नाही. उलटं दाखवतो.

बोल्स विरुद्ध रसेल, सुप्रीम कोर्ट, २००७. माणूस खुनाच्या शिक्षेत आत. फेडरल कोर्टात हेबियसचा (कैद बेकायदा आहे म्हणणारा) अर्ज फेटाळला गेला, पण त्याची खबर वेळेत मिळाली नाही, म्हणून अपिलाची मुदत पुन्हा उघडून मागितली. नियमाप्रमाणे ती १४ दिवसांसाठीच उघडता येते. जजने ऑर्डरमध्ये चुकून १७ दिवस दिले. वकिलाने ऑर्डरवर विश्वास ठेवला आणि सोळाव्या दिवशी अपील दाखल केलं. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की ही मुदत अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कायद्यातली आहे, जजला ती वाढवता येत नाही, अपील बाद. चूक जजची, भोगलं अशिलाने. राज्याच्या कोर्टात ‘साहेबांनीच तारीख दिली होती’ म्हणून निभावून नेणाऱ्याला इथे हा धडा आधीच कोणीतरी शिकवलेला असावा लागतो.

दुसरं अगदी घरचं. डिस्ट्रिक्ट कोर्टात ऑनलाइन दाखल करण्याची मुदत सर्वसाधारणपणे त्या कोर्टाच्या घड्याळाने मध्यरात्री संपते. मात्र आमच्या थर्ड सर्किट (न्यू जर्सी वगैरे भागाच्या) अपील कोर्टाने १ जुलै २०२३ पासून ती संध्याकाळी ५ वर आणली. खटला तोच, वकील तोच. खाली रात्री ११:५० ला कागद टाकायची सवय लागली असेल आणि वरही तसंच केलंत, तर मुदत हुकली.

निंबोणी, स्पेशालिटी धरतात ती पेटंटमध्ये. पेटंट ऑफिससमोर काम करायचं तर वेगळी परीक्षा आणि विज्ञान-इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी लागते. पण तेच पेटंट मोडलं म्हणून फेडरल कोर्टात दावा लढायला ती परीक्षा लागत नाही! आहे की नाही?

शिकागोची_शमा

आमच्याकडे याचं अर्धं उत्तर आहे. नॉर्दर्न इलिनॉय डिस्ट्रिक्टमध्ये साधा बार वेगळा आणि ट्रायल बार वेगळा. साक्षीपुरावा चालतो तिथे एकट्याने उभं राहायचं असेल तर ट्रायल बारवर असावं लागतं आणि त्यासाठी प्रत्यक्ष खटल्यांचा अनुभव दाखवावा लागतो. वरिष्ठासोबत बसून खटला पाहिलात तर तोही अनुभवात धरतात. म्हणजे शिकायचं, पण कोर्टात बसून. वर ट्रायल बारवाल्यांना गरीब पक्षकारांचे खटले फुकट चालवायला नेमतात, तेही एक शिक्षणच.

फौजदारीत तर सक्तीचं शिक्षण आधीपासून आहे. १९६४ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टखाली ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये खासगी वकिलांचं पॅनेल असतं. त्यावर राहायचं तर अनेक डिस्ट्रिक्टमध्ये फेडरल फौजदारी विषयांचेच तास दाखवावे लागतात, ताणमुक्तीचे चालत नाहीत. शिक्षेचं कोष्टक एकदा बघा म्हणजे कळेल का ते. आडव्या ओळीत आरोपीचा पूर्वेतिहास सहा रकान्यांत, उभ्या ओळीत गुन्ह्याच्या ४३ पायऱ्या, आणि दोन्ही जुळतात त्या चौकटीत महिन्यांची रेंज. एखादी पायरी चुकीची धरली की आरोपीचे काही महिने, कधी वर्षं, इकडची तिकडे होतात. राज्याच्या कोर्टात वीस वर्षं काढलेला वकीलही त्या तक्त्यासमोर नवशिका असतो. हे प्रशिक्षण बहुतेक वेळा फेडरल डिफेंडरचं (सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या वकिलांचं) ऑफिस स्वतः घेतं, आणि फुकट. तात्या, इथे दुकानदार कोणीच नाही.

मोबदला मात्र २०२५ ला तासाला १७५ डॉलर, आणि त्याच वर्षी जुलैत निधीच संपला. शिकून तयार झालेले लोक बिलांची वाट बघत बसले. शिक्षण सक्तीचं करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

टेक्सासचा_तात्या

शमाताई, पॅनेलचं पटलं. तिथे सरकार काम देतं, तर अटी घालणारच. बाकी दिवाणीवाल्यांच्या मानेवर कशाला?

जुनी_वही

अवांतर नाही, इतिहास आहे. हा वाद पन्नास वर्षांचा आहे. १९७३ साली सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठातल्या भाषणात बॉम्ब टाकला की गंभीर खटल्यांत उभे राहणाऱ्या वकिलांपैकी एक तृतीयांश ते निम्मे त्या कामाला पुरते लायक नसतात. हा आकडा कुठून आणला म्हणून वकीलवर्ग खवळला. मग समित्या बसल्या. सेकंड सर्किटमधल्या (न्यूयॉर्क वगैरे भागातल्या) क्लेअर समितीने सुचवलं की फेडरल बारवर यायचं तर लॉ स्कूलमध्ये पुरावा, प्रोसिजर, ट्रायल अ‍ॅडव्होकसी वगैरे ठरावीक विषय घेतलेले असावेत. लॉ स्कूलं म्हणाली, आमचा अभ्यासक्रम कोर्टाने ठरवायचा नाही. ते बारगळलं. १९७९ ला डेव्हिट समितीने परीक्षा आणि खटल्यांचा अनुभव मागितला. काही डिस्ट्रिक्टनी प्रयोग करून पाहिला, देशभर मात्र काही झालं नाही.

बर्गरसाहेबांच्या खटपटीतून टिकलं ते वेगळंच. इंग्लंडच्या इन्सवरून (वकिलांच्या जुन्या मंडळांवरून) १९८० साली युटामध्ये सुरू झालेली अमेरिकन इन्स ऑफ कोर्ट. जज, मुरलेले वकील आणि नवखे एकत्र जेवतात आणि एखादा विषय करून दाखवतात. सक्ती कोणाची नाही, पण सभासद होण्यासाठी लोक धडपडतात. जर्सीकरांनी याचाही विचार करावा. सक्तीच्या कोर्सपेक्षा जज ज्या टेबलावर जेवतो तिथे माणूस आपसूक नियम वाचून जातो.

रत्नांग्रीकर (हायकोर्ट, मुंबई)

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो.

आपल्याकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ खाली एकदा सनद मिळाली की तालुका कोर्टापासून वरपर्यंत दारं उघडी. फक्त सुप्रीम कोर्टात दाखल करायला अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डची परीक्षा. वकिलीसाठी ऑल इंडिया बार एक्झाम एकदा पास व्हायची, तीही टिपणं नसलेली कायद्यांची मूळ पुस्तकं सोबत घेऊन. त्यानंतर जन्मभर सक्तीचा एकही तास नाही. बार असोसिएशनची व्याख्यानं होतात, ज्याला यायचं तो येतो आणि चहानंतर जातो.

तरी १ जुलै २०२४ ला सगळ्या देशाचं सीएलई एका रात्रीत झालं. आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स अ‍ॅक्ट गेले आणि भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम आले. ३०२ चं १०३, ४२० चं ३१८, ६५-ब चं ६३. हे पाठ होतं हो. खरी गोची ४८२ ची. पूर्वी ४८२ म्हणजे एफआयआर रद्द करायला हायकोर्टात जायचं कलम. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करायला ५२८. नंबर तोच, प्रार्थना वेगळी! त्या दिवसांत बाररूममध्ये प्रत्येकाच्या डायरीत जुन्या-नव्या कलमांच्या तक्त्याची झेरॉक्स होती. ती झेरॉक्स कोणी सक्तीने वाटली नव्हती. गरज पडली की वकील शिकतो, असं माझं मत. तात्यांना +१.

शिकागोची_शमा

रत्नांग्रीकर, कायदा गाजावाजा करून बदलतो तेव्हा शिकतो, मान्य. इथेही २८ जून २०२४ ला लोपर ब्राइट निकालाने शेव्हरॉनची चाळीस वर्षांची चौकट (कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानायचा) मोडली, तेव्हा आठवडाभरात वेबिनारांचा पाऊस पडला. पण २०१० चा पडिया विरुद्ध केंटकी बघा. त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फौजदारी वकिलाने आरोपीला गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का ते सांगितलंच पाहिजे. ग्रीन कार्डवाल्या आपल्या लोकांसाठी हा निकाल जिवाभावाचा. तरीही ‘किरकोळ गुन्हा आहे, कबूल करून टाका’ म्हणणारे वकील अजून भेटतात. आपल्याला काय माहीत नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी सक्ती लागते.

रांगेतला

आता विचारतोच. माझा इमिग्रेशनचा अर्ज कितीतरी दिवस अडकलाय. एका वकिलाची जाहिरात आली की फेडरल कोर्टात ‘मँडेमस’ (खात्याला निर्णय घ्यायला लावणारा दावा) टाकू. वकील दुसऱ्याच राज्यातला. चालतं का हे?

जर्सीकर

हा सल्ला नव्हे, माहिती आहे. इमिग्रेशन खात्यासमोर आणि इमिग्रेशन कोर्टासमोर कुठल्याही एका राज्याची सनद देशभर चालते, कारण ते काम फेडरल खात्यांचं आहे. इमिग्रेशन कोर्ट हे नाव कोर्टाचं असलं तरी न्याय खात्याच्या अखत्यारीत येतं. मँडेमस मात्र खऱ्या डिस्ट्रिक्ट कोर्टात जातं आणि तिथे त्या डिस्ट्रिक्टचा बार लागतो, नाहीतर त्या एका खटल्यापुरती परवानगी, आणि अनेक ठिकाणी सोबत स्थानिक वकील. दाखल फी ४०५ डॉलर, सरकारला उत्तराला ६० दिवस.

त्यांना सरळ विचारा: तुम्ही या डिस्ट्रिक्टच्या बारवर आहात का, आणि सरकारने दावा फेटाळा म्हणून मोशन टाकलं तर त्याचं उत्तर तुम्ही लिहिणार की आणखी कोणी? वर्षानुवर्षं उत्तम फॉर्म भरणाऱ्या वकिलाने फेडरल ब्रीफ (लेखी युक्तिवाद) एकदाही लिहिलेलं नसू शकतं. त्याचे सीएलईचे तास मात्र पूर्ण असतील.

कोडोबा

एआयचं कोणीच कसं काढलं नाही? तो विमानातला गुडघ्याचा खटला.

जुनी_वही

माता विरुद्ध एव्हियांका. तो या धाग्याचाच खटला आहे, एआय त्यातला फक्त शेवटचा अंक. विमानातली ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून प्रवाशाने दावा राज्याच्या कोर्टात टाकला, विमान कंपनीने तो फेडरल कोर्टात नेला. मूळ वकिलाला तिथला प्रवेश नव्हता, म्हणून सही सहकाऱ्याची आणि लिखाण याचं. प्रश्न आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या माँट्रियल कराराच्या मुदतीचा, म्हणजे याच्या रोजच्या कामाबाहेरचा. फर्मच्या डेटाबेसमध्ये फेडरल निकाल पुरेसे नव्हते. मग चॅटजीपीटीला विचारलं आणि त्याने अस्तित्वातच नसलेले निकाल दिले. जून २०२३ ला जज कॅस्टेल यांनी ५००० डॉलर दंड केला आणि ज्या जजांच्या नावावर खोटे निकाल खपवले त्यांना पत्रं लिहायला लावली.

सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम मात्र काढला नाही. कारण फर्मने आपणहून तंत्रज्ञान आणि एआयवर सीएलई ठेवलं होतं, पुन्हा तेच सांगण्यात अर्थ नाही असं जज म्हणाले. नियम ११ (बिनबुडाच्या कागदांवर सही करणाऱ्या वकिलाच्या शिक्षेचा) खाली वकिलाला वर्गात बसवता येतं हे नियम करणाऱ्या समितीच्या १९९३ च्या टिपणातच आहे.

टेक्सासचा_तात्या

म्हणजे बघा, त्याला एआयचा कोर्स मिळाला आणि माँट्रियल कराराचा नाही. रोग एक, औषध दुसऱ्याचं. माझाच मुद्दा.

जर्सीकर

तात्या, हा माझाही मुद्दा आहे! 😀

नवी_पालवी

सर्वांना नमस्कार. पुण्यात एलएलबी, इथे एलएलएम, न्यूयॉर्क बार पास, शपथ लवकरच. फेडरल लिटिगेशन करायचं आहे. जर्सीकरकाका, पहिल्या दोन वर्षांची क्रेडिट कशी वापरू?

जर्सीकर

अभिनंदन! नव्या वकिलाला पहिली दोन वर्षं दर वर्षी १६ क्रेडिट, त्यांत ३ एथिक्सची आणि ६ स्किल्सची. स्किल्सची लाइव्हच करावी लागतात, रेकॉर्डेड व्हिडिओवर भागत नाही, आणि ते बरंच आहे. तिथे डिपॉझिशन (कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेला जबाब), साक्षीदाराची उलटतपासणी असं करून बघायला मिळेल तेच घे. एथिक्समध्ये फेडरल डिस्कव्हरी (खटल्याआधी एकमेकांची कागदपत्रं मागणं) आणि प्रिव्हिलेजवर (गोपनीय म्हणून न दाखवायच्या कागदांवर) काही मिळालं तर उत्तम, कारण प्रिव्हिलेजची यादी कशी आणि कधी द्यायची हे दोन्ही बाजूंनी सुरुवातीलाच ठरवायचं, असा बदल १ डिसेंबर २०२५ पासून लागू आहे. सायबरसिक्युरिटीचं एक क्रेडिट न्यूयॉर्कला सक्तीचं आहे, ते लगेच उरकून टाक.

पुराव्याच्या नियमांत यंत्राने तयार केलेल्या पुराव्यासाठी ७०७ नंबरचा मसुदा ऑगस्ट २०२५ मध्ये सूचना-हरकतींसाठी मांडला गेला. तो वाच. मसुद्यासोबतचं टिपण वाचायची सवय आत्ताच लागली तर पुढे कोर्सची वाट बघावी लागत नाही.

आणि क्रेडिट न मिळणारं एक काम. ज्या जजसमोर पहिलं काम येईल त्यांची नियमावली छापून घे, मग पेसरवर (फेडरल कोर्टांची कागदपत्रं दाखवणाऱ्या साइटवर) त्यांच्याच कोर्टातले तुझ्यासारख्या दाव्यांचे तीन-चार डॉकेट (खटल्यातल्या कागदपत्रांच्या नोंदी) उघड. कुठल्या मोशनवर साहेबांनी दोन ओळींत निकाल दिला, कुठे वकिलाला झापलं, मुदतवाढ किती वेळा दिली, सगळं तिथे दिसतं.

नवी_पालवी

खूप आभार काका. पेसरला पैसे पडतात ना? अजून पगार सुरू नाही.

शिकागोची_शमा

पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर. तिमाहीत बिल ३० डॉलर किंवा कमी झालं तर माफ. सर्च रिझल्टच्या पानांनाही पैसे लागतात, तेव्हा केस नंबर हातात घेऊनच आत शिर.